शंभर टक्के हजेरी

नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत एक कारखाना होता. मोटारींना लागणारी वायरिंग हार्नेस तिथे तयार व्हायची. गाडीच्या दिव्यांपासून हॉर्नपर्यंतच्या सगळ्या तारा मापात कापून, टेपने बांधून, एका जुडग्यात द्यायच्या, असं ते काम. तारा कापायची आणि त्यांच्या टोकांना टर्मिनल ठोकायची मशीनं पुरुष चालवत. स्टोअर, डिस्पॅच आणि मेंटेनन्सही त्यांच्याकडेच. मधलं सगळं बायकांचं. खुंट्या ठोकलेल्या मोठ्या बोर्डापुढे उभं राहून तारा पसरायच्या, कनेक्टरमध्ये खोचायच्या, वरून टेप गुंडाळायची. या कामाला मशीन नव्हतं, बोटंच लागत.

मालकांना सगळे भाऊसाहेब म्हणत. माणूस मनाचा वाईट नव्हता. बोनस वेळेवर द्यायचे, कुणाच्या घरी मयत झाली तर स्वतः जाऊन यायचे. पण २०१८ च्या पावसाळ्यात चाकणच्या गिऱ्हाइकाला दोनदा माल उशिरा पोचला. दोन्ही वेळा दंड बसला आणि दोन्ही वेळा कारण एकच निघालं : सकाळी सातच्या पाळीला बोर्डावर बायका कमी होत्या.

भाऊसाहेबांचा मुलगा केदार त्याच वर्षी एमबीए करून घरी परतला होता. त्याने वर्षभराच्या रजा संगणकात भरल्या आणि दोन रंगांचे खांब काढून वडिलांपुढे ठेवले. आजारपणाच्या रजेत बायकांचा खांब पुरुषांच्या दीडपट उंच होता.

"हे मी म्हणत नाही बाबा, हजेरीपट म्हणतोय," केदार म्हणाला. "नव्या लाइनवर आयटीआयची मुलंच घेऊ. आणि जे रोज येतात त्यांचं कौतुक करू. २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर शंभर टक्के हजेरीचं बक्षीस द्यायचं."

बक्षीसही ठरलं. पाच लिटरचा प्रेशर कुकर.

पात्र लोकांची यादी करायचं काम टाइम ऑफिसातल्या देवरेकाकांकडे आलं. काका या कारखान्यात मस्टर लिहिण्यातच म्हातारे झाले होते. पूर्वी शाईने हजेरी भरायची, आता बोट टेकवलं की मशीन भरतं, पण महिनाअखेरीला आकडे जुळवायला काकाच लागत. त्यांनी यादी केली. त्यात पुरुष बरेच होते, बाई एकही नव्हती. सगळ्यांत वर स्टोअरमधल्या कैलासचं नाव. सलग दोन वर्षं एकही खाडा नाही.

कैलासची बायको सुनंदा तिसऱ्या लाइनवर होती. दोघं एकाच मोटरसायकलवर यायची. काकांनी सहज म्हणून तिची ओळ काढली. जूनपासून डिसेंबरपर्यंत मधूनमधून एक दिवस, दोन दिवस, पुन्हा एक दिवस. प्रत्येकापुढे शिक्का एकच : आजारी.

काका थबकले. सुनंदा तशी धडधाकट पोरगी. मागच्याच आठवड्यात कैलास एकटाच आला होता आणि गेटवर काकांनी विचारलं होतं, "काय रे, सुनंदाला बरं नाही का?"

"तिला काय धाड भरलीय? पोरीला ताप आलाय," कैलास बोट टेकवत म्हणाला होता.

काकांनी त्या दिवसाची नोंद पाहिली. सुनंदा आजारी. कैलास हजर.

असं का लिहिलं जातं, ते काकांना न विचारताही ठाऊक होतं. रजेच्या कार्डावर तीन रकाने होते : किरकोळ, हक्काची आणि आजारपणाची. किरकोळ रजा गणपती यायच्या आत संपायच्या. हक्काची रजा तेव्हाच्या १९४८ च्या कारखाने कायद्याप्रमाणे वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस साठायची, पण ती घ्यायला पंधरा दिवस आधी अर्ज लागायचा. पोराचा ताप पंधरा दिवस आधी कळवून येत नाही. कामगार आजारी असेल तर मात्र ही अट सुटायची. म्हणून बायका सकाळी सहाला सुपरवायझरला फोन करून म्हणत, "साहेब, आज बरं वाटत नाहीये." तेवढं एकच दार उघडं होतं, सगळ्या त्यातून जात होत्या.

काकांनी यादी खणात टाकली आणि एक कोरी वही काढली. पानाच्या मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिलं, 'रजा कुणाची', उजवीकडे लिहिलं, 'आजारी कोण'.

डावी बाजू एका दुपारी भरली. उजवीसाठी माणसांना विचारावं लागणार होतं.

जेवणाच्या सुट्टीत काका वही घेऊन बायकांच्या घोळक्याशी गेले, तर सगळ्या गप्प. टाइम ऑफिसचा माणूस वही घेऊन आला म्हणजे कुणाचा तरी पगार कापला जाणार, हा त्यांचा अनुभव. शेवटी रुक्मिणबाई म्हणाली, "काका, नोकरी घालवायची असंल तर सरळ सांगा. उगा आडून नका विचारू."

रुक्मिण बीड जिल्ह्यातली. लग्न होऊन नाशिकला आलेली. काकांनी तिला सगळं खरं सांगितलं. खांब, नवी लाइन, कुकर. कुकरचं ऐकून बायका हसल्या. मग एकेक बोलू लागली.

एकीच्या सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. एकीच्या मुलाला शाळेतून कांजिण्या घेऊन घरी पाठवलं होतं. एकीचा नवरा रिक्षातून पडला होता, त्याच्या पायाला पट्टी घालून आणायला तिला दोन दिवस लागले. उजव्या बाजूला काका लिहीत गेले : सासू, मुलगा, नवरा, मुलगी, मुलगी, नणंदेचं बाळंतपण. बऱ्याच ओळींत आजारी माणूस भलतंच होतं आणि आजाराचा शिक्का बाईच्या नावावर होता.

उरलेल्या ओळींत बायका स्वतः आजारी होत्या. त्या सांगायला वेळ लागला. काकांना ऐकायलाही संकोच वाटत होता, तेव्हा रुक्मिणनेच तोंड उघडलं.

"हिला सारखी उन्हाळी लागती. का लागती? दिवसभर पाणीच पीत नाही. बाटली बघा तिची, सकाळी भरली तशी हाये. संडास डिस्पॅचच्या पल्याड. जायचं तर सुपरवायझरला इचारा, टोकन घ्या, बदली बाई उभी करा. त्यापेक्षा तहान मारलेली बरी."

काकांनी बाटली पाहिली. दुपारचा एक वाजून गेला होता आणि पाणी गळ्यापर्यंत भरलेलं होतं.

"आन् हे खांदे," दुसरी म्हणाली. तिने बोर्डापुढे उभं राहून दाखवलं. वरच्या खुंट्यांपर्यंत पोचायला तिला टाचा उचलाव्या लागत होत्या आणि हात खांद्याच्या वर जात होते. बोर्ड बसवताना माप घेतलं होतं ते बसवणाऱ्या फिटरच्या उंचीचं. तो काही चवड्यावर उभा राहत नव्हता. पाळी संपेपर्यंत तेच हात शेकडो वेळा वर जायचे. रात्री घरी जाऊन तेच हात कणीक मळायचे.

"डॉक्टरीणबाई म्हणतात, तुझ्यात रक्तच नाही," तिसरी म्हणाली. "गोळ्या देतात. पण त्या घ्यायला बारी लावायची म्हणजे आनखी एक खाडा."

रुक्मिण बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, "माझी आई उसाला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईचं दुखलं-खुपलं, पाळीचा तरास झाला, तरी खाडा पडला की मुकादम दंड लावायचा. उचल घेतलेली, फेडायची कशी? आईनं पिशवीच काढून टाकली. तिशी पन नव्हती उलटली. म्हनली, आता खाड्याची कटकट नको. तवापासून तिची कंबर जी बसली ती बसलीच. मी ठरवलं होतं, कारखान्यात नोकरी करीन, तिथं हक्काची रजा असती म्हनतात."

काकांनी ही ओळ वहीत लिहिली नाही. लिहायला रकानाच नव्हता.

या गोष्टीपुरतं रुक्मिणच्या आईचं नाव बाजूला ठेवलं, तरी तिच्यासारख्यांचा हिशेब सरकारदरबारी आहे. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. खाडा टाळण्यासाठी बाई कुठवर जाते, हे त्या आकड्यावरून कळतं.

इथवर ऐकून काका बायकांची वकिली करत होते, असं कुणी म्हणेल. पण काका पक्के हिशेबी. एक बाजू तपासली तर दुसरी तपासल्याशिवाय ते बेरीज मारत नसत. दुसऱ्या दिवशी ते मशीन शॉपमध्ये गेले.

तिथे निवृत्ती भेटला. टर्मिनल ठोकायच्या मशीनवरचा. त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक गेलेलं. दिवाळीआधी मशीनमध्ये सापडलं होतं. तो दीड महिना घरी होता, पण केदारच्या खांबात ते दिवस नव्हते. ते अपघाताच्या रजिस्टरात होते, आणि ते रजिस्टर वेगळ्या कपाटात असायचं.

"त्या दिवशी काय झालं होतं रे?" काकांनी विचारलं.

"काय नाही काका. अंगात ताप होता. डोळ्यांपुढे अंधारी आली."

"मग आलास कशाला? रजा टाकायची ना."

निवृत्ती ओशाळला. "पोरं चिडवतात काका. थोडा ताप आला की बाईसारखा घरी बसला म्हणतात."

पुरुषांच्या आणखीही गमती होत्या. गटारीच्या दुसऱ्या दिवशी डिस्पॅच अर्धं रिकामं असायचं, पण मस्टरवर तिथे एकही 'आजारी' नव्हता. सुपरवायझर खैरनार त्यांचाच दोस्त. तो जुन्या ओव्हरटाइमच्या बदल्यात 'सी-ऑफ' टाकून मोकळा व्हायचा. लाइनवरच्या बायकांना ओव्हरटाइमला थांबताच येत नसे, कारण पाळणाघर संध्याकाळी बंद होई आणि स्वयंपाक वाट बघत असे. मग त्यांच्याकडे बदलीची सुट्टी साठणार कुठून? स्टोअरमधल्या एका पन्नाशीच्या गृहस्थांना वर्षभर छातीत दुखायचं. त्यांनी एक दिवस रजा घेतली नाही. शेवटी त्यांना कामावरूनच उचलून दवाखान्यात न्यावं लागलं. आदल्या दिवसापर्यंत त्यांचीही हजेरी शंभर टक्के होती.

वही भरली. काका ती, अपघाताचं रजिस्टर आणि सी-ऑफच्या चिठ्ठ्या घेऊन भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. केदार तिथेच होता.

"यादी झाली का देवरे?"

"झाली साहेब. पण देण्याआधी एकदा कैलासला आत बोलवा."

कैलास आला. कुकरची बातमी त्याच्यापर्यंत पोचली असावी, कारण केस पाण्याने चापून बसवलेले होते.

भाऊसाहेबांनी काकांनी पुढे केलेलं पान वाचलं आणि विचारलं, "कैलास, तुझी मुलगी यंदा आजारी पडली होती का?"

"पडली ना साहेब. चार-पाच वेळा. पावसाळ्यात तर पाठच सोडली नाही तापानं."

"मग तू रोज कामावर कसा?"

"सुनंदा असते ना घरी तिच्यापाशी."

"सुनंदा कुठे असते? ती तर आजारी असते. इथे लिहिलंय."

कैलासने एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा काकांकडे. त्याला उत्तर सुचलं नाही. केदारलाही काही सुचेना. त्याने वही ओढून घेतली आणि पानं उलटू लागला.

केदार हुशार होता, आणि खरा हुशार माणूस चुकीचा आकडा दिसला की त्याला चिकटून बसत नाही. पण त्याने शंकाही रास्त काढली. "काका, घरच्यांची आजारपणं वगळली, तरी बायकांच्या स्वतःच्या आजाराचे दिवस पुरुषांपेक्षा थोडे जास्तच उरतात."

"उरतात ना," काका म्हणाले. "ते मी झाकणार नाही. पण त्यांतल्या खांदेदुखीचं माप आपणच चुकीचं घेतलंय. उन्हाळीचं कारण आपलं टोकन आहे. आणि पुरुषांच्या बाजूला निवृत्तीचा दीड महिना धरायचा का नाही, ते तुम्ही सांगा. तापातच तो मशीनवर उभा होता."

केदार त्या रात्री पुन्हा संगणकापुढे बसला. त्याची गोष्ट इथे जरा थांबवून सांगायचं, तर सातपूरचं दुखणं एकट्या सातपूरचं नव्हतं. लंडनमधल्या दहा हजारांवर सरकारी कर्मचाऱ्यांचा 'व्हाइटहॉल-२' नावाचा अभ्यास १९८५ मध्ये सुरू झाला, त्यातही बायकांच्या आजारी रजा पुरुषांपेक्षा जास्त निघाल्या. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांच्या आजारी रजा सर्वांत वरच्या श्रेणीतल्या पुरुषांच्या सुमारे सहापट होत्या. कोण किती आजारी पडतं, हे ते माणूस बाई आहे की पुरुष यावर जेवढं ठरतं, त्याहून कितीतरी जास्त ते त्याला कुठे उभं केलंय यावर ठरतं.

स्वीडनने १९७४ मध्येच बाळाच्या संगोपनाची रजा आईबापांना दोघांनाही दिली. मूल आजारी पडलं तर तिथे पालकाला वेगळा भत्ता मिळतो, स्वतः आजारी असल्याचं खोटं लिहावं लागत नाही. तरीही तिथल्या बायकांच्या स्वतःच्या आजारी रजा पुरुषांपेक्षा जास्तच राहिल्या. संशोधकांनी जोडप्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा पहिलं मूल झाल्यानंतर नवरा-बायकोच्या आजारी रजांतलं अंतर वाढतं आणि पुढे वर्षानुवर्षं टिकतं, असं दिसलं. म्हणजे नुसता रकाना वाढवून भागत नाही. दोन पाळ्यांचं काम एकाच अंगावर पडलं की ते अंग कधीतरी बसतंच.

आपल्याकडे ही दुसरी पाळी किती मोठी आहे, तेही मोजलेलं आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवते, घरकामाला हात लावणारा पुरुष ८८ मिनिटं. अंगातल्या रक्ताचं म्हणाल, तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्क्यांना. आणि सरकारने हात पुढे केला तरी कसा केला, तेही पाहण्यासारखं आहे. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. पुरुष कर्मचाऱ्याला ती मिळते, पण बायको हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तरच. बायको चालती-फिरती आहे तोवर पोराचं दुखणं बापाचं नव्हे, असाच त्याचा अर्थ झाला.

भाऊसाहेबांनी दोन दिवस विचार केला आणि मग निर्णय घेतले. कुकर रद्द झाला. रजेच्या कार्डावर चौथा रकाना आला : 'घरचं आजारपण'. वर्षाला सहा दिवस, भरपगारी, बाईला आणि पुरुषाला सारखेच, अर्ज आदल्या संध्याकाळपर्यंत किंवा त्या दिवशी सकाळी. एकाने ते वापरले नाहीत, तर दुसऱ्याच्या खात्यात जमा होणार नाहीत. ही शेवटची अट काकांची. "नाहीतर कैलासचे सहाही सुनंदाच घेईल," ते म्हणाले.

बोर्डांना खालीवर सरकणारे पाय बसले. टोकन गेलं. लाइनच्या शेजारी दोन संडास बांधले गेले. कायद्याने दर पंचवीस बायकांमागे एक हवाच होता, इतकी वर्षं कुणी मोजला नव्हता. पाळणाघर दुसरी पाळी सुटेपर्यंत उघडं राहू लागलं. महिन्यातून एकदा डॉक्टरीणबाई कारखान्यात येऊन रक्त तपासू लागल्या, म्हणजे गोळीसाठी खाडा नको. त्यात निवृत्तीचंही रक्त तपासलं आणि त्याला साखर निघाली. मशीन शॉपच्या दारावर पाटी लागली की अंगात ताप असताना मशीनवर उभं राहायचं नाही, आणि तो नियम मोडणाऱ्याला खैरनारने स्वतः घरी पाठवायचं.

वर्षाने केदारने पुन्हा खांब काढले. बायकांचा खांब बराच खाली आला होता. पुरुषांचा वर चढला होता. दोन्हींची बेरीज पूर्वीपेक्षा किंचितच कमी होती. केदारचा चेहरा पडला. एवढं करून हाती काय आलं?

काकांनी त्याच्यापुढे डिस्पॅचचं रजिस्टर सरकवलं. वर्षभरात चाकणचा माल एकदाही उशिरा गेला नव्हता. कारण साधं होतं. पूर्वी बाई सकाळी सहाला खोटं बोलायची आणि सातला लाइन अडायची. आता खरं बोलायची सोय झाल्यावर ती आदल्या संध्याकाळीच सांगत होती, "पोराला कणकण वाटतेय, उद्याचं धरू नका." रात्रीतून बदली उभी राहत होती. कारखान्याचं नुकसान रजेने होत नव्हतं, अचानक पडणाऱ्या रजेने होत होतं, आणि ती अचानक पडायची कारण खरं सांगायला जागा नव्हती.

कैलासची शंभर टक्के हजेरी त्या वर्षी मोडली. पहिल्यांदा तो मुलीला घेऊन दवाखान्यात गेला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "वजन किती? मागच्या वेळी कोणतं औषध दिलं होतं? कशाची ॲलर्जी?" कैलासला एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही. मुलगी सहा वर्षांची होती. तीच म्हणाली, "गुलाबी औषध नको, त्यानं पुरळ येतं."

मित्रांनी त्याला महिनाभर चिडवलं. मग निवृत्तीही आईच्या डायलिसिससाठी रजा घेऊ लागला, आणखी दोघांनी घेतली, आणि चिडवणारेच कमी उरले.

देवरेकाका निवृत्त झाले, तेव्हा त्यांना भाषण करायला लावलं. ते एवढंच बोलले : "मी आयुष्यभर हजेरी लिहिली. कोण आलं नाही, ते मला रोज कळत होतं. का आलं नाही, ते मी अगदी शेवटी शेवटी विचारलं. आधी विचारलं असतं तर बरं झालं असतं."

तात्पर्य : बाईच्या नावावर पडलेल्या खाड्यात अनेकदा सगळ्या घराचं आजारपण असतं, आणि पुरुषाच्या पूर्ण हजेरीत त्याच्या बायकोचे बुडालेले दिवस असतात. म्हणून ज्याच्या हाती हजेरीपट आहे त्याने बेरीज करण्याआधी आजारी कोण होतं ते विचारावं. आणि ज्याच्या घरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे, त्या प्रत्येक पुरुषाने पुढच्या तापाच्या वेळी रजेचा अर्ज आपल्या नावाने लिहावा.